उंबरखिंड समरभूमी

रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातील चावणी गावाजवळची ऐतिहासिक रणभूमी. येथे २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी मोगल सरदार कारतलबखानाला अडवून शरण आणले. मोगलांचा दख्खनचा सुभेदार शायिस्ताखान याने त्याला कोकणात धाडले होते. सोबत माहूरकडील मोगल सरदारीण रायबागन होती. लोणावळ्याकडून कुरवंडे घाटाने उतरलेली फौज अंबा नदीच्या खोऱ्यातील दाट, कोंदट रानात शिरली आणि पुढची-मागची दोन्ही तोंडे बंद झाली. परमानंदाच्या ‘शिवभारता’त या प्रसंगाचे वर्णन आहे. खंडणी आणि सामान ठेवून खान जिवानिशी परतला.

दर २ फेब्रुवारीला स्मारकापाशी विजयदिन साजरा होतो. मर्दानी खेळांची प्रात्यक्षिके हे त्याचे खास आकर्षण. लाठीकाठी, दांडपट्टा, ढाल-तलवार. पात्याची लांबी आणि मनगटाची फिरत डोळ्यांदेखत दिसते, तेव्हा पुस्तकातला दांडपट्टा एकदम खरा वाटू लागतो.

मात्र हे लढाईचे नाट्य नव्हे, शस्त्रकौशल्याचे दर्शन आहे, आणि ते योग्यच. अमेरिकेतही गेटिसबर्गसारख्या जुन्या रणभूमींवरील राष्ट्रीय उद्यानांच्या हद्दीत लुटुपुटीच्या लढायांना मनाई आहे. त्या काळच्या वेशातले स्वयंसेवक तेथे छावणी मांडतात, बंदुका-तोफांचे बार काढून दाखवतात. उंबरखिंडीत तर खरी लढाई जिंकली ती भूगोलाने. पट्ट्याचे हात मोकळ्या मैदानात शोभतात. गनिमी कावा समजायचा तर कुरवंड्याहून ती वाट पायी उतरावी लागते.