११ नोव्हेंबर : ‘बेंगाल’ने पाठ दाखवली नाही

१९४२ : हिंदी महासागरात, कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला, रॉयल इंडियन नेव्हीच्या ‘बेंगाल’ या माइनस्वीपरची गाठ ‘होकोकु मारू’ आणि ‘आइकोकु मारू’ या दोन सशस्त्र जपानी जहाजांशी पडली. सोबत ‘ओंदिना’ हे डच तेलवाहू जहाज होते. ‘बेंगाल’ हजार टनांचीही नव्हती. शत्रूचे एकेक जहाज दहा हजार टनांचे. लेफ्टनंट कमांडर विल्यम विल्सन यांनी ‘ओंदिना’ला निसटायला सांगितले आणि आपली नौका थेट जपान्यांवर घातली. मोठी म्हणावी अशी एकच बारा-पौंडी तोफ हाताशी होती. थोड्याच वेळात ‘होकोकु मारू’वर स्फोट झाला आणि ते बुडाले. दारूगोळा संपत आल्यावर ‘बेंगाल’ धुराच्या पडद्याआडून निघून गेली. ‘ओंदिना’चे कप्तान ठार झाले, जहाज मात्र फ्रीमँटलला परतले.

निर्णायक गोळा कोणाचा, हा वाद अजून मिटलेला नाही. ‘ओंदिना’च्या चार इंची तोफेचे पारडे जड आहे. पण तेवढ्याने ‘बेंगाल’चे मोल उतरत नाही. बंदराच्या वाटेवरचे सुरुंग काढायला बांधलेली ही नौका लढाईसाठी नव्हतीच. अशा नौकांचे रोजचे काम बातमीत येत नाही, कारण ते नीट झाले तर काहीच घडत नाही. शिवाय झेंडा ब्रिटिशांचा असला तरी तिच्यावर लढणाऱ्यांत भारतीय खलाशी होते. याच नौदलाचे खलाशी फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत निकृष्ट जेवण आणि वंशभेदाविरुद्ध उठले. स्वातंत्र्यानंतर ‘बेंगाल’ भारतीय नौदलाकडे राहिली.