वाचनाचें यंत्र आणि वाचकाचें टिपण



वाचनासाठीं कोणतें यंत्र घ्यावें, हा प्रश्न आज घरोघरीं विचारला जातो. किंमत, वजन आणि पडद्याचें तेज एवढ्यांवरच त्याचा बहुधा निकाल लागतो. परंतु या यंत्रांचा इतिहास पाहिला म्हणजे चौथा एक प्रश्न विचारावासा वाटतो. घेतलेलें पुस्तक आणि त्यावर केलेलें टिपण उद्यां आपल्या हातीं राहील काय?

या यंत्राची कल्पना महायुद्धाच्या अखेरीची आहे. १९४५ च्या जुलै महिन्यांत व्हॅनेव्हर बुश या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं ‘अटलांटिक’ मासिकांत एक लेख लिहून ‘मेमेक्स’ नांवाचें मेजाएवढें यंत्र कल्पिलें. वाचकाचा ग्रंथसंग्रह सूक्ष्म छायाचित्रांच्या रूपानें त्यांत साठवावयाचा, एका ग्रंथांतील मजकुराशीं दुसऱ्यांतील मजकूर जोडावयाचा, समासांत आपलें मत लिहावयाचें, आणि ही सारी जोडणी हवी तर मित्रासही द्यावयाची, अशी ती योजना होती. तें यंत्र कधींच तयार झालें नाहीं. तथापि वाचन आणि टिपण यांची फारकत करूं नये, हें तत्त्व त्यांत स्पष्ट होतें.

पुढें १९७२ सालीं ॲलन के यांनीं मुलांसाठीं वहीएवढ्या संगणकाची कल्पना मांडली व तिला ‘डायनाबुक’ हें नांव दिलें. प्रत्यक्षांत १९८१ सालीं विक्रीस आलेला ‘ऑसबॉर्न १’ हा उचलून नेण्याजोगा संगणक सुमारें ११ किलो वजनाचा होता, आणि त्याचा पडदा अवघा ५ इंची! वहीची कल्पना साकार होण्यास बराच काळ जावा लागला.

दुसरी वाट कागदाचें अनुकरण करणारी. मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रसंस्थेंत जोसेफ जेकबसन व त्यांचे विद्यार्थी यांनीं विजेची शाई सिद्ध केली आणि १९९७ सालीं तिच्यासाठीं कंपनी निघाली. सूक्ष्म कुप्यांतील काळे-पांढरे कण विद्युद्भारानें वरखालीं होतात व अक्षर उमटतें. वीज लागते ती पान बदलतांना. २००४ सालीं सोनी कंपनीनें जपानांत या शाईचें ‘लिब्रिए’ हें वाचनयंत्र काढलें. डोळ्यांस तें सुखकर होतें. पण पैसे देऊन घेतलेलें पुस्तक उघडे तें ६० दिवसांपुरतेंच.

२००७ च्या नोव्हेंबरांत ३९९ डॉलर किंमतीचें ‘किंडल’ आलें. २००९ च्या जुलैंत, प्रकाशनाचा हक्क नसलेल्या एका विक्रेत्यानें जॉर्ज ऑर्वेल यांचीं पुस्तकें त्यावर विकल्याचें उघडकीस येतांच ॲमेझॉननें तीं वाचकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतलीं व पैसे परत केले. मिशिगनमधील एक शाळकरी मुलगा त्यांतलें ‘१९८४’ अभ्यासत होता. त्याचीं टिपणें यंत्रांत राहिलीं. तीं ज्या पानांस लागून होतीं तीं पानें मात्र गेलीं. कंपनीच्या प्रमुखांनीं पुढें माफी मागितली. २०१९ सालीं मायक्रोसॉफ्टनें आपलें ग्रंथदुकान बंद केलें, तेव्हां पुस्तकाचे पैसे परत मिळाले, आणि ज्यांनीं त्यांत टिपणें केलीं होतीं त्यांस २५ डॉलर अधिक. अभ्यासाचें मोल याहून कसें करावयाचें, हा प्रश्नच आहे.

मराठी वाचकास आणखीही एक गोष्ट पाहावी लागते. १९९१ च्या युनिकोड लिपिसंकेतांत देवनागरीस स्थान मिळालें, त्यामुळें नवें पुस्तक हव्या त्या आकाराच्या अक्षरांत वाचतां येतें. परंतु जुन्या ग्रंथांच्या ज्या प्रती पानांचीं छायाचित्रें घेऊन केल्या आहेत, त्यांतील अक्षर ६ इंची पडद्यावर बारीक दिसतें. पडदा लहान असला कीं पान सरकवीत बसावें लागतें.

तेव्हां सलग कथा-कादंबरी वाचणाऱ्यानें विजेच्या शाईचें यंत्र घ्यावें. नकाशे, क्रमिक पुस्तकें व छायाचित्रित ग्रंथ पाहणाऱ्यानें मोठ्या पडद्याची पाटी घ्यावी. आणि ज्यास वाचतां वाचतां पुष्कळ लिहावयाचें आहे त्यानें कळफलकाचा संगणक पत्करावा. मात्र कोणतेंही घेतलें तरी पैसे मोजण्यापूर्वीं दुकानांतच एक परीक्षा करावी. एखादें पुस्तक उघडावें, त्यावर दोन ओळी लिहाव्या, आणि तें पुस्तक व त्या ओळी दुसऱ्या यंत्रांत नेऊन दाखविण्यास विक्रेत्यास सांगावें.