पिनबॉल संग्रहवस्तू

पिनबॉल संग्रहवस्तू म्हणजे जुन्या पिनबॉल यंत्रांच्या विक्रीसाठी व प्रसिद्धीसाठी तयार केलेले छापील साहित्य, भेटवस्तू आणि यंत्रांचे सुटे सचित्र भाग होत. जाहिरातपत्रके, सूचनापत्रे, गुणनोंदीची कार्डे, किल्लीच्या प्लास्टिक पट्ट्या आणि यंत्राच्या शिरोभागी बसणारी चित्रित काच, म्हणजे बॅकग्लास, यांचा त्यांत समावेश होतो. यांपैकी बहुतेक वस्तू अमेरिकेतील, त्यातही शिकागोच्या गॉटलिब, बॅली व विल्यम्स या कंपन्यांच्या आहेत.

जाहिरातपत्रके

ही पत्रके खेळाडूंसाठी नव्हती. यंत्रे विकत घेऊन उपाहारगृहांत व दारूच्या गुत्त्यांत ठेवणाऱ्या व्यावसायिकांना ती वितरकांमार्फत मिळत. नवे यंत्र आले की जुने पत्रक कचऱ्यात जाई. आजच्या दुर्मिळतेचे हेच मुख्य कारण होय. त्यांतील मजकूरही खेळाच्या आनंदापेक्षा नाण्यांच्या मिळकतीविषयीच अधिक बोलतो.

अभ्यासकांसाठी मात्र ही पत्रके मोलाची आहेत. १९४७ साली गॉटलिबने ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात विजेवर चालणारे फ्लिपर प्रथम आणले, तेव्हा जाहिरातीत त्यांना ‘फ्लिपर बंपर’ म्हटले होते. अनेक ठिकाणी पिनबॉलला जुगार मानले जाई. न्यूयॉर्क शहरात १९४२ ते १९७६ या काळात त्यावर बंदी होती. बक्षीस म्हणून फुकट डाव देणेही काही राज्यांत निषिद्ध असल्याने, फुकट डावाऐवजी जादा चेंडू देणारे ‘फ्लिपर’ नावाचे यंत्र गॉटलिबने १९६० साली काढले. ‘केवळ करमणुकीसाठी’ अशी ओळ यंत्रांवर का छापली जाई, हे या पार्श्वभूमीवर ध्यानात येते.

बॅकग्लास

बॅकग्लासवरील चित्र काचेच्या मागील बाजूस उलट्या क्रमाने, जाळीछपाईने उमटवलेले असते. मागच्या दिव्यांची उष्णता व दमट हवा यांमुळे रंगाचे पापुद्रे सुटतात. ते रोखण्यासाठी काही संग्राहक पारदर्शक लाखेचा फवारा मारतात. परंतु हा उपाय पुन्हा काढून टाकता येत नाही. १९८०च्या दशकात काचेऐवजी छापील पारभासी पत्रा, म्हणजे ट्रान्सलाइट, रूढ झाला. तो स्वस्त व टिकाऊ खरा, पण जुन्या काचेचा रंगगहिरेपणा त्यात उतरत नाही.

रॉय पार्कर (गॉटलिब) आणि डेव्ह ख्रिस्टेन्सन (बॅली) यांच्या चित्रांना विशेष मागणी असते. ख्रिस्टेन्सन यांचे ‘कॅप्टन फॅन्टॅस्टिक’ (१९७६) हे एल्टन जॉन यांच्यावर आधारलेले यंत्र त्यांपैकी एक होय. भिंतीवर टांगण्यासाठी चांगल्या यंत्राची काच काढून विकणे हा या छंदातील जुना वादविषय आहे. काच गेलेले यंत्र बहुधा सुट्या भागांसाठी मोडले जाते. त्यामुळे एका खोलीची शोभा वाढते, पण एक चालते यंत्र कमी होते.

अस्सलपणा

१९९०च्या दशकातील विल्यम्स-बॅली यंत्रांच्या किल्लीच्या पट्ट्या खेळपटावरील प्लास्टिकच्या भागांबरोबरच छापल्या जात. २०,२७० प्रती निघालेल्या ‘द ॲडम्स फॅमिली’ (१९९२) या यंत्राच्या वस्तू बाजारात तुलनेने सहज दिसतात. नव्याने छापलेल्या प्रती ‘जुन्या’ म्हणून विकल्या जाण्याचा धोका पत्रकांच्या बाबतीत सर्वाधिक असतो. भिंगाखाली जुन्या ऑफसेट छपाईचे ठिपके नियमित नक्षीत मांडलेले दिसतात, तर घरगुती छपाईयंत्राचे ठिपके विस्कळीत असतात.