कार्डाचा नमुना कोणाचा?

मुंबईतल्या बंद गिरण्यांच्या कामगारांना घरे द्यायची ठरली, म्हाडाने अर्ज मागवले, तेव्हा सगळ्यांत आधी प्रश्न आला तो पुराव्याचा. 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर आपण गिरणीच्या हजेरीपटावर होतो, हे कामगाराने दाखवायचे होते. तोवर बहुतेक गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले होते, टाइम ऑफिसे मोडीत निघाली होती आणि अनेक कामगारही हयात नव्हते. त्यांच्या वतीने वारस अर्ज भरत होते. पुरावा म्हणून चालणाऱ्या कागदांच्या यादीत गिरणीचे ओळखपत्र होते, तिकीट नंबर होता, लाल पास होता, हजेरीपत्र होते, विमा योजनेचा आणि भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक होता. फाटकावर दाखवून आत जाण्यापुरते ज्यांचे महत्त्व, असे हे पुठ्ठ्याचे तुकडे तीस वर्षांनी घरावरच्या हक्काचे कागद ठरले. 2012 साली पहिली सोडत निघाली ती अशा कागदांच्या छाननीनंतरच. ही गोष्ट आठवायचे कारण असे, की आज दहा-पंधरा माणसांचा कोणताही व्यवसाय आपली आयकार्डे टेबलावरच्या प्रिंटरवर स्वतः छापू शकतो, आणि याकडे निव्वळ सोय म्हणून पाहिले जाते. माझे म्हणणे असे, की यात बदलली ती केवळ छापण्याची जागा नाही. कार्डावर काय लिहायचे हे ठरवण्याचा अधिकारही त्याबरोबर सरकला, आणि कामगाराच्या बाजूने साक्ष देणाऱ्या ओळी कार्डावरून गेल्या त्या याच वाटेने.

कार्ड येण्याआधी कामगाराची ओळख जॉबरच्या डोक्यात असे. गिरणीच्या फाटकावर सकाळी जमलेल्या घोळक्यातून कोणाला आत घ्यायचे हे जॉबर ठरवी. बायकांच्या खात्यात तोच अधिकार नायकिणीकडे. गावकी, नातेगोते, खोलीवरची उधारी आणि दस्तुरी या सगळ्यांचा हिशेब त्या निवडीत असायचा. 1929 ते 1931 या काळात काम करणाऱ्या शाही कामगार आयोगाने जॉबरच्या या सत्तेवर कडक टीका केली आणि भरतीचे काम कामगार अधिकाऱ्यांकडे द्यावे असे सुचवले. त्यानंतर 1935 साली मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली कामगारांसाठी एक पद्धत आणली: दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक लोकांना बदली कार्ड द्यायचे, त्यांनी रोज सकाळी गिरणीवर हजर व्हायचे, आणि त्या दिवशी ज्यांचा खाडा असेल त्यांच्या जागा या कार्डवाल्यांमधूनच भरायच्या. योजना मालकांची होती आणि मालकांच्या सोयीसाठी होती, यात शंका नाही. जॉबरचा हातही त्यामुळे एकदम सुटला नाही, कारण पहिल्या तारखेच्या यादीत कोणाचे नाव घालायचे हे सुचवणारा बऱ्याचदा तोच असे. तरीही फरक पडला. ‘मी याला ओळखतो’ या तोंडी वाक्याच्या जागी एक छापील कागद आला, आणि ज्याच्या खिशात तो होता त्याला निदान ‘माझ्याकडे कार्ड असताना मला का परत पाठवता?’ असे विचारण्याचे बळ आले.

गिरण्यांपेक्षा बोधक इतिहास आहे तो दुकाने आणि हॉटेलांचा, कारण आजचा छोटा व्यवसाय त्यांचाच वंशज. दुकाने-आस्थापनांचा कायदा देशात पहिल्यांदा मुंबई प्रांताने 1939 साली केला आणि 1948 साली त्याची जागा नव्या, व्यापक कायद्याने घेतली. या 1948 च्या कायद्यात निवासी हॉटेले, उपाहारगृहे आणि खाणावळी यांच्या प्रकरणात मालकाने प्रत्येक नोकराला ओळखपत्र द्यावे अशी तरतूद होती, आणि त्या कार्डावर काय असावे हे कायद्यानेच सांगितले होते. मालकाचे नाव, हॉटेलचे नाव आणि पत्ता, नोकराचे नाव आणि वय, आणि मग कामाचे तास, मधल्या विश्रांतीची वेळ, सुट्टीचा वार. खाली मालकाची तारखेसह सही. फोटो त्या काळात महाग, म्हणून माणूस ओळखायचा तो शरीरावरच्या खुणेवरून, उजव्या भुवईवरचा व्रण किंवा मानेवरचा तीळ. निरीक्षक आला की पोऱ्याने हे कार्ड दाखवायचे. आता हे दृश्य नीट पाहा. कार्ड पोऱ्याच्या हातात आहे, पण त्यातून तपासला जातो आहे तो मालक. कार्डावर सुट्टीचा वार सोमवार लिहिलेला आणि सोमवारीच पोऱ्या टेबल पुसताना सापडला, तर गुन्हा पोऱ्याचा नाही. नाव-वय सोडले तर त्या कार्डावरची जवळजवळ प्रत्येक ओळ मालकाने दिलेले लेखी वचन होते.

कोणी म्हणेल, कायद्यात लिहिले म्हणून हॉटेलांत पाळले गेले असे थोडेच आहे? पाळले गेले नाही, हे उघड आहे. बारा-चौदा तास राबणारी पोरे मुंबईच्या हॉटेलांत कायम होती. पण कायदा मोडला जाणे आणि कायदा मोडल्याचे दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोरा राहिलेला रकाना दिसतो; मुळात रकानाच नसेल तर काहीच दिसत नाही. आणि इथे छापखान्याची भूमिका येते, जिच्याकडे इतिहासकारांचे लक्ष सहसा जात नाही. छोट्या मालकाकडे छपाईचे यंत्र नव्हते. कार्डे बाहेरून यायची, एखाद्या जॉब वर्क करणाऱ्या प्रेसमधून किंवा स्टेशनरीच्या दुकानातून, जिथे या कायद्याची, म्हणजे शॉप अ‍ॅक्टची रजिस्टरे, हजेरीपट आणि पगारपत्रके तयार छापलेली मिळत. जुळारी खिळे जुळवायचा तो कायद्याच्या नमुन्यावरून. एकदा फर्मा बांधला की ट्रेडलवर शेकड्यांनी कार्डे निघत, आणि तीच कार्डे भातबाजारातल्या हॉटेलाला आणि गिरगावातल्या खाणावळीलाही विकली जात. मालकाच्या हाती यायचे ते फक्त टिंबटिंबांच्या ओळींवर शाईने लिहिणे. म्हणजे छापायचे बाहेर, भरायचे घरात. मालकाला खोटे लिहिता येत होते, रकाना कोरा सोडता येत होता, पण रकाना काढून टाकायचा म्हटले तर वेगळा फर्मा बांधून घ्यावा लागे, आणि तेवढी खटपट कोण करतो?

हाच धागा पुढच्या कायद्यांतही सापडतो. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याखालच्या केंद्रीय नियमांनी कंत्राटदारावर बंधन घातले, की कामाला लावल्यापासून तीन दिवसांच्या आत कामगाराला रोजगारपत्र द्यायचे. त्याच्या नमुन्यात कामाचे स्वरूप, मजुरीचा दर, मजुरीचा कालावधी आणि नोकरीची मुदत यांचे रकाने ठेवले. गोदीत आणि बाजारात तर याहून पुढची पायरी गाठली गेली. 1948 च्या गोदी कामगार कायद्याखाली 1951 साली मुंबईची योजना आली आणि गोदी कामगारांची नोंद त्यांच्यासाठी नेमलेल्या मंडळाकडे होऊ लागली. 1969 साली हमालांसाठी माथाडी कायदा झाला. त्यामागे अण्णासाहेब पाटलांनी बांधलेल्या माथाडींच्या संघटनेची वर्षानुवर्षांची लढत होती. या व्यवस्थेत हमालाची नोंद व्यापाऱ्याच्या वहीत नाही तर मंडळाकडे, मजुरीही मंडळामार्फत. मसाला बाजारातल्या व्यापाऱ्याला उद्या वाटले म्हणून त्या हमालाची ओळख पुसता येत नव्हती.

मग यंत्र मालकाच्या टेबलावर आले, तेही एका दिवसात नव्हे. आधी कार्डावर फोटो आला. तो डिंकाने चिकटवायचा आणि रबरी शिक्का असा मारायचा, की अर्धा फोटोवर आणि अर्धा कार्डावर पडावा, म्हणजे फोटो बदलला तर शिक्क्याची वर्तुळे जुळणार नाहीत. मग लॅमिनेशनची पाउचे आली. पावसाळ्यात कडेने पाणी शिरले, की आतली शाई निळ्या ढगासारखी पसरायची. मग संगणक, आणि त्यामागून प्लॅस्टिक कार्डांचे प्रिंटर. बँकेच्या कार्डाचे माप, 85.60 बाय 53.98 मिलिमीटर, हेच आयकार्डाचे माप होऊन बसले. रिबनवर पिवळा, किरमिजी, निळा, काळा आणि शेवटी पारदर्शक असे पट्टे एकामागून एक असतात. तापलेल्या टोकाखालून कार्ड प्रत्येक पट्ट्यासाठी पुन्हा सरकते, आधी चेहरा पिवळा दिसतो, मग लालसर, आणि तिसऱ्या फेरीनंतर माणूस ओळखू येतो. ज्याला हा प्रिंटर परवडत नाही त्याच्यासाठी आपल्या बाजाराने स्वस्त वाट काढलीच: साध्या इंकजेटवर पीव्हीसीची शीट छापायची, जिला दुकानदार ड्रॅगन शीट म्हणतात, मग थर एकत्र करून गरम यंत्रात दाबायचे आणि कटरने कार्डे कापून काढायची. ही कला इतकी गल्लोगल्ली पोचली, की बाजारात छापलेली आधारची प्लॅस्टिक कार्डे वापरू नका, असे सांगण्याची वेळ जानेवारी 2022 मध्ये आधार प्राधिकरणावर आली. यात एक मोठी गंमत आहे. छपाई जितकी सुबक आणि सोपी झाली, तितके छापील कार्डाचे पुरावा म्हणून वजन कमी झाले.

घरी छापलेल्या आयकार्डावर सहसा काय असते? वर बोधचिन्ह, कंपनीच्या रंगात. मग फोटो, नाव, हुद्दा, कर्मचारी क्रमांक, रक्तगट, एखादा बारकोड. मागे ‘हे कार्ड कंपनीची मालमत्ता आहे’ आणि ‘सापडल्यास खालील पत्त्यावर परत करावे’. 1948 च्या पोऱ्याच्या कार्डाशेजारी हे ठेवून पाहा. कामाचे तास नाहीत, विश्रांती नाही, सुट्टीचा वार नाही, मालकाची सही असली तर स्कॅन केलेली आणि बिनतारखेची. कार्ड सॉफ्टवेअरमधल्या तयार नमुन्यावर बसवले, आणि तो नमुना कायद्याकडे पाहून नव्हे तर मोठ्या कंपन्यांच्या कार्डांकडे पाहून केलेला. जुने कार्ड कामगार दाखवायचा आणि मालक तपासला जायचा; नवे कार्ड कामगार गळ्यात घालतो आणि तपासलाही तोच जातो. यात कोणाचा कट होता असे मी म्हणत नाही. कोणी ठरवून रकाने खोडले नाहीत. नमुना मालकाच्या संगणकात आला आणि त्याला ज्या ओळींची गरज वाटली नाही त्या त्याने लिहिल्या नाहीत, इतकेच.

यावर सर्वांत जड आक्षेप असा, की कार्ड हे मुळातच पाळतीचे साधन आहे, मग ते छापखान्यातून येवो की प्रिंटरमधून. दर महिन्याला नव्याने मिळणारे बदली कार्ड पुढच्या महिन्यात न देणे ही संपात पुढे असणाऱ्यासाठी शिक्षा ठरू शकत होती. आणि नमुना बाहेरून, सरकारकडून आला म्हणजे तो माणसाच्या बाजूचा असतो, असेही नाही. 1908 च्या ऑगस्टमध्ये ट्रान्सवालमधल्या जोहान्सबर्गच्या भारतीयांनी गांधीजींच्या नेतृत्वाखाली सरकारी नोंदणीपत्रांची होळी केली होती. हे सगळे मान्य. पण यातून एवढेच सिद्ध होते, की कार्ड कोणाच्या बाजूचे हे त्यावरच्या ओळी ठरवतात. ट्रान्सवालच्या नोंदणीपत्रावर सरकारने स्वतःला कशानेही बांधून घेतले नव्हते. हॉटेलातल्या पोऱ्याच्या कार्डावर मालक बांधला गेला होता. पाळत दोन्हीकडे होती, साक्ष मात्र एकाच कार्डात.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे आणि म्हणून जास्त ऐकण्यासारखा. आज कामगाराचा पुरावा कार्डावर असण्याची गरजच काय, असे विचारले जाते. भविष्यनिर्वाह निधीचा खाते क्रमांक आहे, राज्य विम्याचा क्रमांक आहे, पगार बँकेत जमा होतो. मोठ्या कारखान्यापुरते हे खरे आहे. पण निधीचा कायदा सर्वसाधारणपणे वीस कामगारांपासून लागू होतो आणि राज्य विमा योजना दहापासून. उलट 1948 चा शॉप अ‍ॅक्ट एकट्यादुकट्या दुकानालाही लागू होता. 2017 साली महाराष्ट्राने आणलेल्या नव्या कायद्याने ओळखपत्राची तरतूद ठेवली, पण दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना बहुतेक जबाबदाऱ्यांतून मोकळे केले. म्हणजे जिथे सात माणसे काम करतात तिथे या साऱ्या नोंदी नाहीतच, आणि नेमका तोच मालक कार्डे घरी छापतो. तिथे गळ्यातले आयकार्ड हाच बऱ्याचदा त्या नोकरीचा एकुलता एक कागद असतो. रोख पगार घेणाऱ्या मदतनिसाला पुढे कधी सांगायची वेळ आली, की मी इथे पाच वर्षे होतो, तर दाखवायला त्याच्याकडे कंपनीचे बोधचिन्ह आणि स्वतःचा रक्तगट असेल.

मालकाच्या बाजूनेही एक गोष्ट बोलायला हवी. घरी छापण्यात लबाडी नाही. पाच कार्डांसाठी प्रेसच्या दारात आठवडा ताटकळणे त्याला शक्य नाही, आणि आयकार्ड मिळाल्यावर सोसायटीच्या फाटकावर किंवा बँकेच्या दारात माणसाला मान मिळतो हेही खरे. शिवाय जो अधिकार यंत्राबरोबर टेबलावर आला त्याचा वापर उलट दिशेनेही करता येतो, कारण फर्मा बांधण्याचा खर्च आता शून्य आहे. कार्डाची मागची बाजू जवळजवळ रिकामीच असते. तिथे रंगाचे पट्टेही लागत नाहीत, काळ्या पट्ट्यावर भागते. रुजू झाल्याची तारीख, कामाचे तास, सुट्टीचा वार आणि मालकाची तारखेसह सही, या चार ओळी आठ पॉइंटच्या टाइपात त्या बाजूवर सहज मावतात आणि खाली ‘सापडल्यास परत करावे’ लिहायला जागाही उरते.