नाखवा, मालीम आणि तांडेल

आपली म्हादई देगावजवळ उगम पावून पणजीला समुद्र गाठते, तेव्हा खानापूरकरांना दर्याचा विषय परका नको.

शिडांच्या काळात कप्तान म्हणजे जहाजावरचा राजा, असं सिनेमांनी शिकवलंय. ब्रिटिश आरमारात ते बरंचसं खरं; खलाशाला फटके द्यायचा अधिकार त्याच्याकडे असे. आपल्याकडे मात्र सत्ता वाटलेली दिसते. फारसी ‘नाखुदा’ म्हणजे जहाजाचा धनी. त्यावरून आपला नाखवा. ऐन-ए-अकबरीनुसार कुठे जायचं ते नाखुदा ठरवतो, पण पाण्याची खोली नि तारे ओळखून जहाज नेतो तो मुअल्लिम, आपला मालीम. खलाशांचा म्होरक्या तांडेल. धन्याला सगळंच कळत नाही, हे साइटवर राबलेल्याला काय सांगावं!

रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र (सुमारे १७१५) आरमारवाल्यांनाही वेसण घालतं. पाच गुराबा, पंधरा गलबतं असा एक सुभा, आणि सगळ्यांवर सरसुभा. वारा उलटला तर बहादुरी न करता बंदराचा आसरा घ्यायचा. खर्च बंदरांच्या उत्पन्नावर टाकायचा नाही, कारण मग सावकारांना त्रास होतो. लाकडाचंही तसंच: रयतेचे आंबे-फणस तोडायचे नाहीत; झाड जीर्ण असेल तरच, तेही धन्याला राजी करून, पैसे मोजून.