लुशाई डोंगरातले बॉई

धर्मांतराचा विषय निघाला की आपल्यातली काही पोरं एक वाक्य फेकून मोकळी होतात : ख्रिस्ती झालेले पावाला भुलले. दुसरी म्हणतात, मिशनरी आले म्हणून माणसात आले. दोन्ही वाक्यांत धर्म बदलणारा माणूसच नाही. मला त्याच्याविषयी बोलायचंय. म्हणून लुशाई डोंगरांचा, म्हणजे आजच्या मिझोरमचा इतिहास पुढे ठेवतो.

उभे डोंगर, जाळून केलेली झूम शेती, धारेवर वसलेली गावं. प्रत्येक गावावर एक सरदार, त्याला म्हणायचं लाल. १८८९-९० च्या स्वारीनंतर इंग्रजांनी तिथं ठाणी बसवली. ११ जानेवारी १८९४ ला लॉरेन आणि सॅव्हिज हे दोन पाद्री आले. त्यांनी लुशाई बोलीला रोमन लिपी दिली; १८९८ ला व्याकरण-शब्दकोश छापून निघाला. १८९७ ला वेल्समधून डी. ई. जोन्स आला. १८९९ ला खुमा आणि खारा या दोघांचा पहिला बाप्तिस्मा झाला.

आता त्यांचा जुना धर्म बघा. जात तिथं नव्हती. पण मेल्यावरच्या जगात मात्र उतरंड होती. ज्यानं मिथुन कापून गावाला मोठमोठ्या जेवणावळी घातल्या, नाहीतर ठरलेली मोठी जनावरं मारली, तो थांगछुआह. तो मेल्यावर पिअलरालला जाणार, तिथं कष्टाविना कांडलेला तांदूळ खाणार. बाकीच्यांना मिथीखुआ, मेलेल्यांचं गाव. बाईला पिअलराल गाठायचं तर नवऱ्याच्या जोरावर. जी जन्मभर धान कांडून मेली, तिला कांडलेला तांदूळ स्वतःच्या हक्कानं मेल्यावरही नाही! अशा माणसांना कुणी सांगितलं की स्वर्गाला मिथुन लागत नाही, तर त्यांनी कान का टवकारू नयेत? त्यात पाव कुठून आला?

जिवंतपणीही उतरंड होतीच. सरदाराच्या घरी बॉई असत. दुष्काळात भुकेनं आसऱ्याला आलेली विधवा, पोरकी लेकरं, हातून खून झाला म्हणून सरदाराच्या घरात शिरून जीव वाचवणारा, हे सगळे बॉई, आणि त्यांची पोरंही बॉई. सुटायचं तर चाळीस रुपये किंवा एक मिथुन. भाकरीच्या बदल्यात पिढ्या लिहून देणं आपल्याला कुणी शिकवायला नको.

१९०८ ला पीटर फ्रेझर नावाचा मिशनचा डॉक्टर ऐजॉलला आला. त्यानं ही गुलामी आहे असं उघड म्हटलं, पैसे भरून बॉई सोडवले. इंग्रज अधिकारी म्हणाले, गुलामी कसली, ही तर इथली रीत. सरदार दुखावले तर राज्य कोण चालवणार? डॉक्टरानं औषधं द्यावीत, या भानगडीत पडू नये, असा हुकूम निघाला. तो वाकला नाही. मिशननंही सरकारशी वाकडं घेतलं नाही. १९१२ ला त्याला डोंगर सोडावे लागले. दोस्तहो, 'रीत' हा शब्द नीट ऐकून ठेवा. आपल्या पाणवठ्यावरही हाच शब्द पहारा देत होता.

म्हणजे नव्या देवापुढं सगळे सारखे झाले, पण सरदार गादीवरच राहिला. त्याला खाली खेचलं ते माणसांच्या संघटनेनं. १९४६ ला मिझो युनियन उभी राहिली, सरदारकीविरुद्ध रान उठलं, आणि १९५४ च्या कायद्यानं सरदारांचे हक्क गेले. धर्मानं मान ताठ केली. हक्क मिळाले ते संघटनेनं आणि कायद्यानं. दोन्ही लागलं.

या लोकांनी चर्चही आपल्या हातानं उभारलं. स्वैपाकाच्या वेळी बाया एक मूठ तांदूळ बाजूला काढतात, तो चर्चला जातो. ही चाल १९१० च्या सुमाराची. ढोल आधी दारूच्या संगतीतला म्हणून चर्चबाहेर ठेवला होता. लोकांनीच पुढं तो आत आणला.

आणि १९३५. बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली त्याच वर्षी तिकडं तरुणांची यंग लुशाई असोसिएशन निघाली. पुढं तिचं नाव यंग मिझो असोसिएशन झालं. गावात मयत झालं की तिची पोरं कबर खणतात. कुणाचीही, घरटी माणूस जातो. आपल्याकडं मयताचा सांगावा न्यायचा, सरण फोडायचं, ते आपल्या आज्याच्या जन्माला बांधलेलं. काम तेच, तिथं त्याला मान, इथं विटाळ. विटाळ कामात नसतो, हे यापेक्षा सोपं कसं सांगू?

म्हणून तिथं सगळं गोड असं नाही. १९९७ ला त्याच मिझोरममधून हजारो ब्रू लोकांना त्रिपुरात पळावं लागलं. काल दबलेला आज दाबू शकतो. हे आपणही गाठीला बांधावं.

शेवटी कायद्याचं. मिझो ख्रिस्ती झाला तरी अनुसूचित जमातीतच राहिला, कारण जमातीला धर्माची अट नाही. अनुसूचित जातीला मात्र १९५० च्या आदेशानं धर्माची अट घातली. शिखांना १९५६ ला वाट मिळाली. आपण बौद्ध झालो त्यानंतर केंद्राची सवलत यायला १९९० उजाडलं, चौतीस वर्षं. दलित ख्रिस्ती अजून बाहेरच उभा आहे. तो पावाला भुलला असं म्हणण्याआधी त्याची शिक्षा कुणी लिहिली ते विचारा.