संगीत बोलपट, प्रारंभकाळातील

ज्या बोलपटात गीत हे केवळ करमणुकीचे अंग नसून कथा पुढे नेण्याचे व पात्रांचा स्वभाव प्रकट करण्याचे प्रमुख साधन असते, त्यास संगीत बोलपट असे म्हणता येईल. अमेरिकेत हा प्रकार १९२७ नंतर व महाराष्ट्रात १९३२ पासून विकसित झाला. दोन्हीकडे आरंभीचा मुख्य प्रश्न एकच होता : रंगभूमीवरून आलेले गाणे पडद्यावर कसे सामावून घ्यावयाचे?

हॉलिवुडमध्ये वॉर्नर ब्रदर्सच्या द जॅझ सिंगर (१९२७) या चित्रपटातील अल जोल्सनच्या गाण्यांनी बोलपटयुगाची नांदी केली. द ब्रॉडवे मेलडी (१९२९) हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ॲकॅडेमी पारितोषिक मिळविणारा पहिला बोलपट होय. त्यातील एका नृत्यप्रसंगासाठी आधी मुद्रित केलेले गीत वाजवून त्यानुसार चित्रण करण्यात आले. या यशामुळे संगीत बोलपटांचे पेव फुटले आणि १९३० च्या सुमारास प्रेक्षक त्यांना कंटाळले. तथापि अर्न्स्ट लुबिच यांनी लव्ह परेडमध्ये (१९२९) गीत कथेत खेळकरपणे गुंफले, तर बस्बी बर्कली यांनी फॉर्टी-सेकंड स्ट्रीटमध्ये (१९३३) कॅमेरा उंचावरून फिरवून रंगमंचावर अशक्य असे नृत्याकृतिबंध साधले. अशा प्रयोगांमुळे या प्रकारास नवे जीवन लाभले.

भारतातील पहिला बोलपट आलम आरा १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. त्याचे निर्माते अर्देशिर इराणी यांना युनिव्हर्सलच्या शो बोट या चित्रपटावरून बोलपटाची प्रेरणा मिळाली होती. आलम आरामध्ये सात गाणी होती. पुढील वर्षीच्या इंद्रसभेत त्यांची संख्या सत्तरच्या आसपास गेली. या विपुलतेचे मूळ रंगभूमीच्या परंपरेत होते. मराठीपुरते बोलावयाचे, तर किर्लोस्करांच्या संगीत शाकुंतलापासून (१८८०) पदांनी भरलेले नाटक पाहण्याची प्रेक्षकांना सवय होती. मराठी बोलपटाने हाच वारसा घेतला. प्रभात फिल्म कंपनीच्या अयोध्येचा राजा (१९३२) या बोलपटाचे संगीत गोविंदराव टेंबे यांचे असून हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांनीच केली. तारामतीच्या भूमिकेत दुर्गा खोटे होत्या. त्याच वर्षी भालजी पेंढारकरांच्या श्यामसुंदरला मोठी लोकप्रियता लाभली.

या काळातील गाण्याचे रूप बऱ्याच अंशी तंत्राने ठरविले. चित्रण व ध्वनिमुद्रण एकाच वेळी होत असल्याने नटाला स्वतःच गावे लागे. वादक कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर किंवा देखाव्याच्या आड बसत. गायक ध्वनिग्राहकापासून दूर गेला की आवाज क्षीण होई आणि एखादा सूर चुकला की सर्व दृश्य पुन्हा घ्यावे लागे. त्यामुळे आरंभीच्या बोलपटांत गाताना पात्रे बहुधा एका जागी खिळलेली दिसतात. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने १९३५ मध्ये पार्श्वगायनाचा अवलंब केल्यावर हे बंधन हळूहळू सुटले. परंतु गाणारा व दिसणारा माणूस एकच असण्यातील प्रत्ययही त्याबरोबर ओसरला. ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावे. बैठकीत तासभर रंगणाऱ्या गायकीला हा संकोच जाचक होता. संगीतरचनाकारांना मात्र त्याने नेमकेपणा शिकविला.

या शिस्तीचा कलात्मक उपयोग प्रथम ज्यांनी जाणीवपूर्वक केला, त्यांत केशवराव भोळे प्रमुख होत. आंधळ्यांची शाळा (१९३३) या नाट्यमन्वंतर संस्थेच्या नाटकात मोजकी व प्रसंगानुरूप पदे योजून त्यांनी नवी दिशा दाखविली होती. तीच दृष्टी त्यांनी प्रभातमध्ये आणली. दामले-फत्तेलाल दिग्दर्शित संत तुकाराम (१९३६) हे तिचे उत्कृष्ट उदाहरण होय. विष्णुपंत पागनीस यांनी गायिलेले अभंग साध्या, भजनाला जवळच्या चालींत असून ते बोलण्यातूनच उमलल्यासारखे वाटतात. याउलट तुकोबांचे अभंग स्वतःचे म्हणून मिरविणाऱ्या सालोमालोच्या गाण्यात नाटकी अलंकरण आहे. दोन शैलींच्या या विरोधातून खऱ्याखोट्याचा भेद संवादाविनाच स्पष्ट होतो. शांताराम आठवले यांनी या बोलपटासाठी रचलेला एक अभंग तर तुकोबांचाच आहे, अशी अनेकांची समजूत झाली. व्हेनिसच्या १९३७ च्या महोत्सवात या चित्रपटाची तीन सर्वोत्कृष्ट चित्रपटांत गणना झाली.

व्ही. शांताराम यांच्या कुंकूमध्ये (१९३७) भोळे यांनी पार्श्वसंगीत वर्ज्य केले. दृश्यात प्रत्यक्ष असणारे ध्वनीच ऐकू येतात. त्यातच शांता आपटे यांनी लाँगफेलो या अमेरिकन कवीची कविता इंग्रजीतून गायिली आहे. माणूसमध्ये (१९३९) मास्टर कृष्णराव यांनी एकाच गीतात अनेक भाषा गुंफल्या. नायिकेकडे येणाऱ्या नाना प्रांतांच्या गिऱ्हाइकांचे व तिच्या स्थितीचे दर्शन त्यातून घडते. शेजारीमधील (१९४१) समूहनृत्यगीतात दोन धर्मांच्या शेजाऱ्यांचे सहजीवन सूचित होते.

हे बोलपट मुंबई-पुण्यापुरते मर्यादित राहिले नाहीत. कायम चित्रपटगृह नसलेल्या गावी फिरत्या तंबूंतून चित्रपट दाखविले जात आणि वीज नसेल तेथे जनित्र बरोबर नेले जाई. खानदेशात एरंडोल, अमळनेर यांसारख्या गावांच्या परिसरात कीर्तन-भजनाची परंपरा दृढ होती. अमळनेर हे सखाराम महाराजांच्या परंपरेचे पीठ, तर तापीकाठच्या मेहूण-कोथळी परिसरात मुक्ताबाईंचे समाधिस्थान. अशा श्रोत्याला संत तुकाराम किंवा संत ज्ञानेश्वर (१९४०) यांतील संगीत परके नव्हते. हॉलिवुडच्या संगीत बोलपटामागे ब्रॉडवेचा रंगमंच होता. मराठी बोलपटामागे नाट्यगृहाबरोबरच देवळाचा सभामंडपही होता.

या यशाची किंमत रंगभूमीला मोजावी लागली. अनेक नाट्यगृहांची चित्रपटगृहे झाली. बालगंधर्वांनी प्रभातच्या धर्मात्मामध्ये (१९३५) एकनाथांची भूमिका केली. परंतु चित्रपटात ते रमले नाहीत. मास्टर दीनानाथांच्या बलवंत मंडळीने काढलेल्या कृष्णार्जुन युद्धास (१९३४) यश आले नाही. ललितकलादर्श मंडळी १९३७ मध्ये बंद पडली. संगीत नाटकाचा श्रोता पडद्याकडे गेला आणि वन्समोअर मिळविणारी विस्तृत गायकी मागे राहिली.

आलम आराची एकही प्रत आज उपलब्ध नाही; पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन होण्यापूर्वीच असे अनेक चित्रपट नष्ट झाले होते. जे उरले, त्यांचा आस्वाद घेताना ध्वनीची खरखर व कॅमेऱ्याचे स्थैर्य हे केवळ दोष मानणे योग्य नव्हे. चित्रण चालू असतानाच गाणाऱ्या नटाचा श्वास त्या ध्वनिपट्टीवर उमटलेला आहे. पुढील काळातील निर्दोष ध्वनिमुद्रणात हा जिवंतपणा क्वचितच आढळतो.